थर्मामीटर औषधपाण्याच्या खर्चात धरायचा की नाही?

थोडी लांब पोस्ट आहे, चहा घेऊन बसा.

मागे मेडिक्लेमच्या हप्त्यांवर लिहिलं होतं तेव्हा अनेकांनी खाली साधारण एकच प्रश्न टाकला होता. पगारातून इतकी वर्षं पीएफ कापला गेला, कधीकाळी ईएसआयही कापलं जायचं, आता पॉलिसीचा हप्ता जातो. मग आईच्या बीपीच्या गोळ्या, वडिलांची शुगरची पट्टी, बायकोचा चष्मा, हे सगळं शेवटी खिशातूनच का? प्रश्न रास्त आहे. एका कॉमेंटमध्ये उत्तर मावत नव्हतं. आजारपणासाठी आपण जिथे जिथे पैसे ठेवतो, तिथे तिथे एक यादी असते. अमुक खर्च चालेल, तमुक चालणार नाही. ही यादी कुणीतरी, कधीतरी, डोळ्यांसमोर एक विशिष्ट रोगी धरून लिहिलेली असते. तो रोगी बहुतेक वेळा आपण नसतो.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी तिकडचं ‘हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट’ ऐकलं असेल. २००३ च्या डिसेंबरात तिथे कायदा झाला आणि २००४ पासून ही खाती सुरू झाली. सुरुवातीचा मोठा खर्च स्वतःच करावा लागतो अशा प्रकारची विमा पॉलिसी असेल तरच खातं उघडता येतं. त्यात आपलेच पैसे कर न भरता टाकायचे आणि आजारपणासाठी काढायचे. कशासाठी काढता येतात याची यादी भली लांबलचक आहे. चष्मा चालतो, दातांचं काम चालतं, दवाखान्यात जाण्या-येण्याचं भाडं चालतं, अंध माणसाला वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचा खर्चसुद्धा चालतो. २०२० मध्ये कोविडच्या वेळच्या कायद्याने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्या आणि सॅनिटरी पॅडही त्यात आले. रूप खुलवण्यासाठी केलेलं ऑपरेशन चालत नाही. थर्मामीटर चालतो.

आता आपल्याकडे या. विमा नियामकाने इथे ६८ गोष्टींची एक यादी आखून दिली आहे. पॉलिसीत वेगळं कव्हर नसेल तर हॉस्पिटलच्या बिलातून या गोष्टींचे पैसे कंपनी देत नाही. हातमोजे, मास्क, क्रेप बँडेज, डायपर, वॉकर, मधुमेह्यांची पादत्राणं, पाण्याची गादी, खासगी नर्स, शवागाराचं शुल्क. आणि हो, थर्मामीटर.

तिकडची व्यवस्था फार ग्रेट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. ज्याच्याकडे खात्यात टाकायला पैसेच नाहीत त्याला ती लांब यादी घेऊन काय करायचंय? पण फरक बघा. तिथल्या यादीत घरात राहून, कामावर जाऊन, रोज दोन गोळ्या घेणारा माणूस आहे. आपल्या यादीत खाटेवर आडवा झालेला माणूसच तेवढा आहे. असं का झालं, ते समजायला मागे जावं लागतं, आणि तो रस्ता आपल्याच मुंबईतून जातो.

कामगार आजारी पडला किंवा बाळंतीण झाली तर त्याचा भार कुणी उचलायचा, हा वाद या शहरात गिरण्यांमुळे फार लवकर सुरू झाला. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल चर्चेला आलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. देशातला तसा तो पहिला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्याच काळात, मार्च १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कारखान्यातल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखायचं काम सोपवलं गेलं. (रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले ते बी. एन. आडारकर वेगळे. दोघांची गल्लत नेहमी होते.) ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. इंग्लंडात तेव्हा बेव्हरिजच्या अहवालाचा गाजावाजा होता, म्हणून आडारकरांना ‘छोटा बेव्हरिज’ म्हणायचे. त्यांनी सुरुवातीला तीनच उद्योग धरले होते: कापड, इंजिनीअरिंग, आणि खनिजं-धातू. म्हणजे परळ-लालबागच्या गिरण्या आणि त्यांच्यामागून उपनगरात येऊ घातलेले कारखाने.

१९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये मुंबईत आली. आपल्या राज्यात तिचं नाव ‘राज्य कामगार विमा योजना’. लोक मात्र ईएसआयच म्हणतात.

या योजनेची एक गोष्ट आज सांगितली तर तरुण मुलांना खरी वाटत नाही. तिथे खर्चाची वरची मर्यादाच नाही. पाच लाख, दहा लाख असलं काही नाही. विमाधारक आणि त्याच्या घरच्यांच्या उपचाराला जेवढा लागेल तेवढा खर्च. आणि त्याहून मोठी गोष्ट, त्यासाठी ॲडमिट व्हायची अट नाही. सर्दी-खोकल्याची बाटली, कायमच्या गोळ्या, तपासण्या, सगळं यादीत. आजारी पडल्यावर पगाराच्या ७० टक्के भत्ता, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. टीबीसारख्या ठरवून दिलेल्या ३४ लांबणाऱ्या आजारांसाठी ८० टक्के, तो दोन वर्षांपर्यंत. आडारकरांच्या डोळ्यांसमोरचा रोगी गिरणीत खोकणारा माणूस होता. त्याला औषधही लागतं आणि तो घरी बसला की चूलही विझते, हे त्यांना कळलं होतं. आजारपणाचा खर्च म्हणजे बुडालेली रोजंदारीसुद्धा, ही समज त्यानंतरच्या कुठल्याच यादीत इतकी स्पष्ट दिसत नाही.

मुंबईत यासाठी पॅनेल डॉक्टरांची पद्धत होती. आपल्या गल्लीतलाच डॉक्टर, दारावर ईएसआयची पाटी, नावावर कामगार लावलेले, आणि दर माणशी सरकारकडून ठरावीक पैसे. भांडुप, कांजूर, विक्रोळी, मुलुंडच्या चाळींत ज्यांचं बालपण गेलं त्यांना तो दवाखाना डोळ्यांपुढे आणायला सांगावं लागणार नाही. लाल मिक्श्चर, पांढऱ्या गोळ्या आणि सर्टिफिकेट. हळूहळू औषधापेक्षा सर्टिफिकेटलाच भाव आला. ‘सिक टाकली’ हा शब्दप्रयोग तिथूनच आपल्या तोंडी बसला. योजनेची बदनामी तिथे सुरू झाली असं माझं मत आहे. औषध साधं मिळायचं म्हणून पैसेवाले कामगार बाहेरच्या डॉक्टरकडे जायचे आणि रजेसाठी पॅनेलवर यायचे. मग मालकही म्हणायला मोकळे, की बघा, हे सगळे खोटे आजारी.

तरीही लालबहादूर शास्त्री मार्गावर ज्या काळात दिवसाला तीन भोंगे व्हायचे, त्या काळात या योजनेने हजारो घरं धरून ठेवली. भांडुपला सीएट आणि जीकेडब्ल्यू, कांजूरला क्रॉम्प्टन, विक्रोळीला गोदरेज, तिकडे कांदिवलीला महिंद्रा, अंधेरीला मरोळची एमआयडीसी आणि १९७३ पासून सीप्झ. त्यासाठीच मुलुंडला कामगार हॉस्पिटल उभं राहिलं, कांदिवलीला आकुर्ली रोडवर, अंधेरीला मरोळमध्ये. उपनगरात कारखाना आणि कामगार हॉस्पिटल जोडीनेच वाढले.

दुसरी थैली पीएफची. अमेरिकेतल्या त्या खात्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट आपल्याकडे हीच, कारण इथले पैसे खरोखर आपल्या नावावर असतात. १९५२ मध्ये कायदा आला तेव्हा तो फक्त सहा उद्योगांना होता आणि कपात होती सव्वासहा टक्के. रुपयाला एक आणा. हिशोब किती सोपा! आज ती १२ टक्के आहे. मूळ कल्पना म्हातारपणाची, पण माणूस म्हातारपणाआधीच आजारी पडतो, म्हणून योजनेत परिच्छेद ६८-जे घालण्यात आला. आपल्याच पैशातून आजारपणासाठी काय काढता येईल, हे तो सांगतो.

त्याची मूळ भाषा एकदा वाचाच. एक महिना किंवा अधिक काळ हॉस्पिटलात राहावं लागलं, किंवा मोठं ऑपरेशन झालं, किंवा क्षय, कुष्ठरोग, पक्षाघात, कर्करोग, मानसिक आजार वा हृदयविकार झाला आणि त्यासाठी मालकाने रजा दिली असेल, तर. मिळणार किती? सहा महिन्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, किंवा खात्यातला आपला हिस्सा व्याजासह, यांपैकी जे कमी असेल ते. वर डॉक्टरचा दाखला हवा. ईएसआयचा लाभ मिळत नाही, असा मालकाचा दाखलाही हवा.

ही यादी वाचताना मला एखाद्या जुन्या सरकारी वॉर्डात शिरल्यासारखं होतं. क्षय, कुष्ठरोग, पक्षाघात. ज्यांची त्या काळी लोकांना सगळ्यात जास्त भीती होती ते आजार. मधुमेहाचं नाव नाही. मूत्रपिंडाचं नाव नाही. अक्षरशः घेतलं तर आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारा माणूस या वाक्यात बसतच नाही, कारण तो महिनाभर ॲडमिट नसतो, त्याचं मोठं ऑपरेशन झालेलं नसतं आणि त्याचा आजार नावानिशी दिलेला नाही. तो सकाळी जातो, दुपारी चार तास मशीनला असतो, संध्याकाळी लोकल पकडून घरी येतो. यादी लिहिली गेली तेव्हा असा रोगी अस्तित्वातच नव्हता.

आमच्या घराशेजारी एका कंपनीतले गृहस्थ राहायचे. ऐंशीच्या दशकात त्यांच्या बायकोला लांबचं आजारपण आलं. उपचार घरीच चालले होते. त्यांनी पीएफमधून पैसे मागितले तेव्हा कंपनीच्या टाइम ऑफिसने विचारलं, “हॉस्पिटलात किती दिवस?” एकही नाही म्हटल्यावर कागद परत. शेवटी त्यांनी घर दुरुस्तीच्या नावाखाली पैसे काढले. घराला रंगाचा एक हातही लागला नाही, हे आख्ख्या चाळीला माहीत होतं. माणसं खोटं बोलत होती कारण खरं कारण यादीत नव्हतं.

अलीकडे हे सैल झालंय, ते मान्य करायला हवं. २०१७ पासून दाखल्यांच्या जागी स्वतःची घोषणा पुरते. मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा तर वेगळंच कलम घालून तीन महिन्यांचा पगार किंवा खात्यातली ७५ टक्के रक्कम, जे कमी असेल ते, काढू दिलं. लोकांनी त्यातून औषधं घेतली, भाडी भरली, गावाला गेले. कुणी विचारलं नाही. आजारपणाच्या मागण्या संगणकानेच मंजूर करायची मर्यादा २०२४ मध्ये ५० हजारांवरून एक लाख झाली आणि २०२५ मध्ये पाच लाख. ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळाने पैसे काढायच्या तेरा वेगवेगळ्या तरतुदी गुंडाळून तीन गट करायचं ठरवलं. आजारपण, शिक्षण आणि लग्न एकाच गटात! बारशापासून बाराव्यापर्यंत एकच खिडकी. सोय झाली हे खरं, पण ‘आजारपणासाठीचे पैसे’ असं जे काही होतं ते त्यात विरघळलं. आणि शेवटी हे आपलेच म्हातारपणाचे पैसे आहेत. आज गोळ्यांना काढले तर उद्या नाहीत.

आता एक गमतीचा भाग, जो चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक नोकरदाराला आठवेल. फेब्रुवारी उजाडला की ऑफिसात मेडिकल बिलांची धावपळ. प्राप्तिकराच्या नियमात मालकाने परत दिलेला औषधपाण्याचा खर्च वर्षाला १५ हजारांपर्यंत करमुक्त होता. त्याची व्याख्या काय होती? नोकराने स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या उपचारावर प्रत्यक्ष केलेला खर्च. बस्स. ॲडमिट व्हायची अट नाही, आजारांची नावं नाहीत. दातांचं बिल चाले, क्रोसिनचं बिल चाले. आपल्या देशातली आजारपणाच्या खर्चाची ही बहुधा सगळ्यात मोकळी व्याख्या होती, आणि तिचं आपण काय केलं? अंधेरीला मी ज्या ऑफिसात होतो तिथे ठणठणीत पोरं मार्चमध्ये एकदम आजारी पडायची. केमिस्टकडे गेलं की तो औषध कोणतं हे विचारायच्या आधी विचारायचा, “बिल कितीचं पाहिजे?” लेखा विभागालाही ठाऊक, साहेबालाही ठाऊक. ज्याच्या घरी खरोखर आजारपण असे त्याची बिलं १५ हजारांच्या वर कधीच गेलेली असत, आणि ज्याच्या घरी नसे तो केमिस्टकडून १५ हजार बरोबर भरून आणी.

२०१८ च्या अर्थसंकल्पात ही सवलत गेली. तिच्यासोबत प्रवासभत्त्याची १९,२०० रुपयांची सवलतही गेली आणि दोन्हींच्या बदल्यात ४० हजारांची सरसकट वजावट आली. बेरीज करा: १५ हजार अधिक १९,२०० म्हणजे ३४,२००. वाढलं फक्त ५,८००. बिलांचा बाजार बंद झाला, चांगलंच झालं. पण त्या दिवसापासून करखात्याने पगारदार माणसाला ‘या वर्षी तुझ्या घरी औषधांना किती लागले’ हे विचारणंच सोडून दिलं. उरलं ते ‘८० डी’. त्यात मुख्यतः विम्याचा हप्ता. साठीच्या पुढचे आणि विमा नसलेले असतील तर त्यांच्यावर प्रत्यक्ष झालेला खर्च ५० हजारांपर्यंत धरतात, पण रोखीने दिलेला नाही. हे अनेकांना माहीत नसतं. म्हाताऱ्या आई-वडिलांची पॉलिसी नसेल तर औषधं यूपीआयने घ्या आणि बिलं जपून ठेवा. अर्थात जुनी करपद्धत निवडली असेल तरच. नवीन पद्धतीत तेही नाही.

मेडिक्लेम १९८६ चा. चार सरकारी विमा कंपन्यांनी आणला. तो मुळातच हॉस्पिटलच्या खर्चाचा विमा होता, म्हणून किमान २४ तास ॲडमिट राहायची अट. त्या आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस त्याला जोडलेले. कारकून-अधिकारी वर्गासाठी ते ठीक होतं, कारण त्यांना कंपनी बाहेरच्या औषधांचेही पैसे द्यायची. पुढे कंपन्यांनी ते बंद केलं आणि मेडिक्लेम एकटाच उरला. मोतीबिंदूसारखी दिवसात होणारी ऑपरेशनं त्यात सामावली गेली, पण गाभा तोच राहिला. खाट अडवल्याशिवाय आजार नाही.

सरकारी योजनेचंही तेच. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपलं मुंबई उपनगर होतं. दीड लाखाचं कवच आणि ९७२ उपचारांची यादी. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. २०२३ मध्ये सरकारने ती सगळ्या रेशनकार्डधारकांसाठी आणि पाच लाखांपर्यंत वाढवायचं ठरवलं, उपचार १,३५६. कितीतरी लोकांची बायपास, कितीतरी लोकांचं कॅन्सरचं ऑपरेशन तिच्यामुळे झालं. मी तिला नावं ठेवणार नाही. पण ही यादी ‘प्रोसीजर’ची आहे. काहीतरी केलं पाहिजे, तेव्हा पैसे. रोज गोळी खाल्ली म्हणून वीस वर्षं बायपास टळली, त्या गोळीचे पैसे यादीत नाहीत.

आता माझ्या घरातला एक साधा महिना घ्या. बीपी आणि थायरॉइडच्या गोळ्या. शुगरच्या पट्ट्या. गुडघ्यासाठी फिजिओथेरपी, त्याला जायला-यायला रिक्षा, कारण मुलुंड स्टेशनचे जिने आईला चढवत नाहीत. तिमाही रक्ततपासणी. नवीन चष्मा. दुपारी सोबतीला येणाऱ्या मावशींचे पैसे. यांतली एकही गोष्ट मेडिक्लेममध्ये नाही, फुले योजनेत नाही, पीएफच्या जुन्या यादीत नाही. राजावाडी, भगवती किंवा अग्रवालला रांग लावली तर काही गोळ्या आणि तपासण्या स्वस्तात होतात, महापालिकेच्या आपला दवाखान्यातही होतात. हा आपल्या भागातला खरा आधार आहे आणि तो कुणाच्या पगारातल्या कपातीवर चालत नाही. देशाच्या आरोग्य लेख्यांनुसार लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चाच्या ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. आकडा उतरला याचा आनंद आहे. मात्र माझ्या घरच्या वर दिलेल्या यादीपुरता तो शंभर टक्केच आहे.

या सगळ्या गोष्टींपैकी गोळ्या, तपासण्या आणि डॉक्टर ज्या एकाच यादीत बिनशर्त बसतात ती यादी १९४८ ची आहे. आणि नेमकी तीच आपण हरवून बसलो. कशी, तर दोन वाटांनी.

पहिली वाट पगारवाढीची. ईएसआयला सुरुवातीपासून पगाराची मर्यादा आहे. १९४८ मध्ये महिना ४०० रुपये. १९९७ मध्ये ६,५००. २०१० मध्ये १५ हजार. १ जानेवारी २०१७ पासून २१ हजार, आणि तेव्हापासून तिथेच रेंगाळलेली. २१ हजार पगार असलेल्याची कपात २०१९ पासून पाऊण टक्का, म्हणजे साधारण १५८ रुपये. मालकाचे सव्वातीन टक्के. या पैशात अख्ख्या कुटुंबाला मर्यादा नसलेला उपचार. पगार २१,५०० झाला, की चालू सहामाही संपल्यावर तो माणूस बाहेर. पाचशे रुपयांची वाढ मिळाली म्हणून पेढे वाटणाऱ्या माणसाच्या आईच्या गोळ्या त्या वाढीहून महाग असतात. मरोळच्या छोट्या युनिटमधल्या, मॉलमधल्या, सिक्युरिटीतल्या मुलांना मी हे सांगतो तेव्हा ती म्हणतात, “काका, आम्हाला तर तिथे जायचंच नसतं.” त्यांचंही चूक नाही. १७ डिसेंबर २०१८ ला मरोळच्या कामगार हॉस्पिटलला आग लागली, माणसं गेली, आणि नंतर कित्येक वर्षं ते हॉस्पिटल पूर्ण ताकदीने उभं राहिलं नाही. कापले जाणारे पैसे दर महिन्याला वेळेवर कापले जात राहिले.

दुसरी वाट कारखान्यांच्या टाळ्यांची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि पुढच्या दोन दशकांत उपनगरातलेही एकेक भोंगे बंद झाले. नोकरी गेली की वर्गणी थांबते, वर्गणी थांबली की काही महिन्यांनी औषध थांबतं. पन्नाशीतल्या माणसाची गोळ्यांची गरज सुरू होते तेव्हाच तो यादीतून गळतो. ज्या जागी कारखाने होते तिथे टॉवर आले, मॉल आले. कामगार हॉस्पिटलं मागे राहिली आणि त्यांचे कामगार कुठेतरी कल्याण-बदलापूरला गेले.

यावर कायद्यात एक छोटीशी फट आहे, जी आपल्या भागात फार थोड्यांना ठाऊक आहे. किमान पाच वर्षं ईएसआयचा विमा असलेला कामगार वयोमानाने निवृत्त झाला, किंवा त्याने व्हीआरएस अथवा मुदतपूर्व निवृत्ती घेतली, तर वर्षाला एकरकमी १२० रुपये भरून त्याला आणि त्याच्या जोडीदाराला उपचार मिळत राहतात. महिन्याला १० रुपये. गोळ्यांसकट. मागच्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या तिघांसाठी मी हे कागद गोळा करत होतो. एकाकडे व्हीआरएसचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपलेलं होतं, त्यांचं काम होण्यासारखं होतं. दुसऱ्यांच्या कंपनीने पगारवाढ दिल्याने निवृत्तीआधी कितीतरी वर्षं त्यांची कपात थांबली होती. तिसऱ्यांनी सतरा वर्षं वर्गणी भरली होती. त्यांचा विमा क्रमांक त्यांना अजून पाठ आहे, फोनवर घडाघडा सांगतात. पण ते निवृत्त झाले नाहीत, त्यांनी व्हीआरएसही घेतली नाही. एका सकाळी गेटला टाळं होतं, एवढंच. निवृत्तीचा पुरावा म्हणून ते काय दाखवणार?

ज्यांच्याकडे वडिलांचं व्हीआरएसचं पत्र, शेवटची पगाराची पावती किंवा जुनं हिरवट ईएसआय कार्ड पडून असेल त्यांनी ते रद्दीत घालू नका. क्रमांक आणि निवृत्तीचं कारण, दोन्ही कागदावर दिसतंय का ते आधी पाहा. टाळेबंदीवाल्यांचा प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारतोय, उत्तर आलं की इथेच टाकतो.